घरातल्या घरात: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आहे. घरात काही फुटलं, भाजलं, हरवलं की पाच मिनिटांत ते नातेवाइकांच्या ग्रुपवर जातं आणि दहा जणांचे दहा सल्ले येतात. त्यातले काही कामाचे असतात, काहींनी मात्र इजा वाढते. म्हणून पत्रात लिहिलेला सल्लाही उत्तरात तपासून पाहिला आहे.

रविवारी मामांच्या नंबरवरून ग्रुपवर मेसेज आला: ‘दवाखान्यात आहे, लगेच २५ हजार पाठवा, नंतर बोलतो.’ मावसभावाने १० हजार पाठवलेसुद्धा. मामा घरी झोपले होते, त्यांचं व्हॉट्सॲप मात्र बंद पडलं होतं. ‘नंबर बंद करून टाका’ असं सगळे सांगताहेत. काय करावं?
*एक वाचक, सातारा*

नंबर मुळीच बंद करू नका. खातं परत मिळेल ते त्याच नंबरवर एसएमएसने येणाऱ्या सहा आकडी कोडमुळे. सिम मामांच्या हातात आहे, म्हणजे निम्मं काम झालेलं आहे.

पण त्याआधी पैशांचं बघा. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याने, म्हणजे तुमच्या मावसभावाने, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. सोबत व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो आयडी तयार ठेवायचा. घाई एवढ्यासाठी की चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. तासाभरात ते दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात सरकतात किंवा एटीएममधून निघतात. वाटेत जिथे सापडतील तिथे रोखून ठेवता येतात, निघून गेल्यावर नाही. फोननंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि स्वतःच्या बँकेलाही लेखी कळवा. मेसेजचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, कारण चोर ते ‘सर्वांसाठी’ डिलीट करू शकतो.

आता खातं. मामांच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून त्यांचाच नंबर टाका आणि आलेला कोड भरा. कोड बसला की चोर आपोआप बाहेर पडतो. मात्र त्याने मध्येच टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावून ठेवला असेल, तर तो पिन नसताना आत शिरायला सात दिवस थांबावं लागू शकतं. घाबरू नका. तुमचा कोड स्वीकारला गेला, तेव्हाच चोर खात्याबाहेर गेलेला असतो. कोड येतच नसेल तर चोराने बरेच चुकीचे प्रयत्न केलेले असू शकतात, स्क्रीनवर दाखवलेला वेळ संपेपर्यंत थांबा. खातं हाती आलं की ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन अनोळखी उपकरणं काढा आणि स्वतःचा पिन लावा. मामांचं जुनं बोलणं चोराला वाचता आलेलं नसतं, कारण ते फोनमध्ये साठतं, नंबरासोबत दुसऱ्या फोनवर जात नाही.

हे घडतं कसं, तेही मामांना विचारून घ्या. बहुधा कुणीतरी ‘चुकून तुमच्या नंबरवर कोड गेलाय, सांगता का’ असं म्हणालेलं असतं. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे: कुरियरवाला म्हणून फोन येतो आणि *२१* ने सुरू होणारा आकडा डायल करायला सांगतात. त्याने मामांचे येणारे कॉल चोराकडे वळतात आणि व्हॉट्सॲपचा कोड तो कॉलवरून ऐकतो. *#२१# डायल केलं तर कॉल वळवले आहेत का ते दिसतं, ##००२# ने सगळं वळवणं रद्द होतं. हे आजच करून बघा, नाहीतर परत मिळवलेलं खातं पुन्हा जाईल.

ग्रुपच्या ॲडमिनने तोवर मामांचा नंबर ग्रुपमधून काढावा आणि बाकीच्यांना साध्या फोनवर कळवावं. पुढे पैशांचा मेसेज कुणाचाही आला, अगदी आईचा आला तरी, साध्या कॉलवर आवाज ऐकल्याशिवाय पाठवायचे नाहीत. व्हॉट्सॲप कॉल चालणार नाही, कारण तो चोराकडेच जाईल.

कुकरचा व्हॉल्व्ह उडाला. तूरडाळ छतापर्यंत गेली. कुणाला लागलं नाही, पण व्हॉल्व्ह गेला म्हणजे कुकर खराब झाला का? नणंदबाई म्हणतात, व्हॉल्व्हच्या जागी नट-बोल्ट बसवून घे, परत उडणार नाही.
*एक वाचिका, मिरज*

नणंदबाईंचं ऐकू नका. तसं केलंत तर पुढच्या वेळी झाकण उडेल.

व्हॉल्व्ह उडाला म्हणजे त्याने त्याचं काम केलं. त्यात कमी उष्णतेला वितळणारा धातू भरलेला असतो. कुकर नीट चालत असताना आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास राहतं आणि तेवढ्याला तो धातू टिकतो. त्याच्या पुढे गेलं की धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. त्यामुळे खरा प्रश्न आहे तो तापमान कशामुळे वाढलं, याचा.

कारणं दोनच. एक, पाणी संपलं. कुकर कोरडा पडला की वाफ होत नाही, शिटीही होत नाही, आणि बाई शिटीची वाट बघत राहतात. त्या वेळात बूड आणि झाकण तापत जातं. दोन, शिटीची नळी तुंबली. डाळ छतापर्यंत गेली असं तुम्ही लिहिता, त्यावरून तुमच्याकडे हे दुसरं झालेलं दिसतं: पाणी भरपूर होतं, डाळ फेसाळून वर आली, तिची सालं आणि साका नळीत अडकला. वाफेला वाटच नसल्याने दाब वाढला, दाबाबरोबर तापमान वाढलं आणि व्हॉल्व्ह गेला.

झाकण उलटं करा आणि नळीतून उजेडाकडे बघा. गोल आरपार दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर आत थर बसलाय. बारीक तारेने किंवा जाड सुईने साफ करा आणि नळातून पाण्याची धार सोडा. शिटीच्या पोटातलं छिद्रही बघा, तिथे हळदीचा पिवळा थर धरतो. एकट्या माणसाच्या घरातही हे रोज बघायला हवं. पाच सेकंद लागतात.

व्हॉल्व्ह कुकरच्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा घ्या. बाजारात ‘सगळ्याला चालतो’ म्हणून मिळणारा स्वस्त व्हॉल्व्ह कधी लवकर वितळतो, कधी वितळतच नाही, आणि दुसरा प्रकार जास्त वाईट. वॉशर जुना वापरू नका. पान्याने आवळा, पण आटे झिजतील एवढा जोर लावू नका. मग कुकरमध्ये नुसतं दोन वाट्या पाणी घालून एक शिटी काढा. व्हॉल्व्हपाशी पाण्याचा थेंब किंवा वाफ दिसली नाही तरच डाळ लावा. झाकणाची किंवा कुकरची कड वाकली असेल, कान सैल झाले असतील, तर मात्र नवा कुकरच घ्या आणि आयएसआय चिन्ह बघूनच घ्या.

डाळ थेट कुकरात लावत असाल तर पाण्यासकट निम्म्यापर्यंतच भरा. चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो. डब्यात लावत असाल तर खाली जाळी आणि दीड-दोन वाट्या पाणी, आणि डब्यावर ताटली. शिटी वेळेवर झाली नाही तर आधी गॅस बंद करा. शिटी वर करून वाफ सोडायला, झाकण हलवून बघायला जाऊ नका. अर्धा तास तसाच राहू द्या.

फोडणीचं गरम तेल उडून मनगटावर आणि तीन बोटांवर भाजलं. सासूबाईंनी टूथपेस्ट लावायला सांगितली, जाऊबाईंनी ग्रुपवर बटाट्याचा कीस सांगितला, एकीने बर्फ. यातलं बरोबर कोणतं?
*एक वाचिका, डोंबिवली*

एकही नाही. नळाखाली हात धरा आणि वीस मिनिटं धरून ठेवा. दोन मिनिटांनी आग थांबल्यासारखी वाटते आणि बहुतेक जण तिथेच हात काढतात, पण कातडीच्या आतल्या थरातली उष्णता तेव्हाही खाली खाली शिरत असते. लगेच जमलं नाही तरी पहिल्या तीन तासांत केलेलं गार करणं उपयोगी पडतं.

बर्फ नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच जखमी झालेल्या कातडीला रक्त कमी पोचतं. टूथपेस्ट, तूप, बटाटा, कोरफडीचा ताजा गर, हे सगळं उष्णता आत कोंडतं किंवा जंतू आणतं, आणि दवाखान्यात ते खरवडून काढावं लागतं. ते काढताना फार दुखतं. हळदीचा तोटा वेगळाच आहे: पिवळ्या रंगाखाली जखम किती खोल आहे, तेच डॉक्टरांना दिसत नाही.

पाण्याखाली हात असतानाच बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. अर्ध्या तासाने सूज आली की निघत नाहीत, मग कापावी लागतात. नंतर स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने किंवा स्वयंपाकघरातल्या पारदर्शक प्लॅस्टिक फिल्मच्या एका पट्टीने सैल झाका. गुंडाळू नका. फोड फोडायचा नाही. दुखत असेल तर पॅरासिटामोल चालतं.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं? भाजलेला भाग स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा असेल, चेहरा, हात, सांधा किंवा जांघ असेल, कातडी पांढरी, कोरडी पडून तिथे दुखतच नसेल, किंवा ज्याला भाजलं ते लहान मूल असेल किंवा मधुमेह असलेला माणूस असेल, तर त्याच दिवशी. तुमचं मनगट आणि बोटं आहेत, म्हणजे एकदा दाखवाच. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर तेही विचारा.

फोन कपडे भिजवलेल्या बादलीत पडला. तांदळात ठेवला आहे.
*एक वाचक, पुणे*

तांदळातून काढा. तांदूळ हवेपेक्षा लवकर पाणी ओढत नाही, उलट त्याची पावडर चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसते. ॲपलनेसुद्धा आपल्या ग्राहकांना तांदूळ वापरू नका असं लिहून कळवलं आहे.

फोन बंद करा आणि बंदच ठेवा. चालू आहे का बघायला बटण दाबलं की ओल्या भागातून वीज वाहते, आणि फोन जातो तो त्यानेच. कव्हर आणि सिम काढा, खाच खाली येईल असा उभा धरून तळहातावर हलके आपटा, मग पंख्यासमोर ठेवा. हेअर ड्रायर नको, त्याच्या गरम झोताने आतला डिंक सुटतो. चार्जरला किमान एक दिवस हात लावू नका. तुमच्या फोनवर ‘आयपी६८’, म्हणजे पाणी-धूळ पेलणारा, असं लिहिलं असलं तरी ती चाचणी साध्या गोड्या पाण्यात होते, साबणाच्या नाही. साबण मागे राहतो. म्हणून असा फोन आधी स्वच्छ पाण्याने हलका धुऊन मग वाळवावा. पाणी न पेलणारा साधा फोन मात्र धुऊ नका, तो थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि साबणाचं पाणी होतं हे सांगा.

वजनकाट्यातला चपटा सेल सापडेना. दोन वर्षांच्या नातवाने गिळला की काय म्हणून घर डोक्यावर घेतलं. सेल शेवटी सोफ्याखाली मिळाला. ग्रुपवर सगळ्यांनी ‘केळी भरवा, शीतून पडून जाईल’ असं लिहिलं होतं. खरंच गिळला असता तर तेच करायचं होतं का?
*एक आजी, नाशिक*

आजी, हे विचारलंत ते फार बरं केलंत. केळ्याचा सल्ला नाण्याच्या जमान्यातला आहे. नाणं पोटात पोचलं असेल तर बहुतेक वेळा ते खरंच शीवाटे पडतं. चपटा सेल ही वेगळीच गोष्ट आहे.

वजनकाट्यात बहुधा सीआर २०३२ हा सेल असतो: २० मिलिमीटर रुंद, ३ व्होल्टचा. दोन वर्षांच्या मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकेल एवढा. तिथली ओल मिळाली की सेलमधून वीज वाहायला लागते आणि ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होतो. दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर जखम होऊ शकते. पुढे भोक पडतं, शेजारची मोठी रक्तवाहिनीही फुटू शकते. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. वजनकाटा चालेना म्हणून काढलेल्या सेलमध्येही एवढं करायला पुरेशी वीज उरलेली असते.

आणि मूल खेळत असतं. सुरुवातीला लाळ गळणं, जेवण नको म्हणणं, थोडा खोकला, एवढंच दिसतं, तेही प्रत्येकात नाही. त्यामुळे शंका हेच कारण पुरेसं आहे. थेट अशा रुग्णालयात जायचं जिथे एक्स-रे आणि लहान मुलांची दुर्बिणीची सोय आहे. १०८ वर फोन करून ‘बटण सेल गिळल्याची शंका आहे’ हेच शब्द सांगा. एक्स-रे मानेपासून पोटापर्यंतचा हवा. त्यात नाण्याची कड एकेरी दिसते, सेलची दुहेरी, वर्तुळात वर्तुळ असल्यासारखी. हा फरक डॉक्टरांना माहीत असतो, पण तुम्ही ‘नाणं असेल’ म्हणालात तर घाई कमी होते.

केळं, भात, पाव काही द्यायचं नाही. उलटी करवायची नाही. एकच अपवाद आहे: मध. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळून बारा तासांच्या आत असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध, दर दहा मिनिटांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाचा थर सेल आणि कातडी यांच्यामध्ये येतो आणि क्षाराचा जोर कमी करतो. पण मध शोधायला दुकानात जायचं नाही. घरात असेल तर बाटली आणि चमचा घेऊन रिक्षात बसायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नाही. सेल नाकात किंवा कानात घातला असेल तरीही तेवढीच घाई, आणि नाकात-कानात कसलेही थेंब टाकायचे नाहीत, ओल वाढते.

घरात हे सेल कुठे कुठे आहेत ते एकदा मोजा: गाडीची रिमोट चावी, टीव्हीच्या डब्याचा छोटा रिमोट, डिजिटल थर्मामीटर, दिवे लागणारी खेळणी, उघडल्यावर गाणारं शुभेच्छापत्र. ज्याचं झाकण स्क्रूशिवाय उघडतं त्यावर रुंद चिकटपट्टी मारा. जुना सेल काढल्या काढल्या दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, टेबलावर नाही.

जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला. सूनबाईंनी पारा झाडूने गोळा करून बेसिनमध्ये टाकला आणि भरपूर पाणी ओतलं. काही धोका आहे का?
*एक वाचक, पनवेल*

एका थर्मामीटरमधल्या पाऱ्याने घरावर मोठं संकट येत नाही, पण काम अर्धवट राहिलं आहे. पारा हाताला लागण्यापेक्षा त्याची वाफ श्वासात जाणं वाईट, आणि झाडूने एका गोळीच्या शंभर गोळ्या होतात. त्या फरशीच्या सांध्यांत बसतात.

दारं-खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. हातमोजे घाला, सोन्याच्या बांगड्या-अंगठ्या आधी काढा, कारण पारा सोन्यात मुरतो आणि दागिना पांढरा, ठिसूळ होतो. खोलीत अंधार करून टॉर्च फरशीला समांतर धरा, राहिलेल्या गोळ्या चमकतात. पत्त्यासारख्या दोन जाड कागदांनी त्या एकमेकींत ढकलून मोठ्या करा आणि उचला, बारीक राहिल्या त्या चिकटपट्टीने टिपा. व्हॅक्युम क्लीनर अजिबात नको, तो पारा तापवून हवेत उडवतो.

आता बेसिन. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड आहे, त्यामुळे तो वाहून गेलेला नसणार. बेसिनखालच्या बाटलीसारख्या ट्रॅपच्या तळाशीच बसला असेल. गरम पाणी सोडू नका. खाली बादली ठेवा, ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून सोडवा आणि आतलं सगळं प्लॅस्टिकच्या बाटलीत ओता. त्याच बाटलीत काचा, कागद, चिकटपट्टी घाला, झाकण घट्ट लावा. झाडूही पिशवीत बांधून टाका, धुऊन वापरू नका. बाटलीवर ‘पारा’ लिहून ती घरगुती घातक कचरा म्हणून घंटागाडीवर वेगळी द्या.

वास्तुशांतीच्या जेवणात पांढऱ्या सुती सदऱ्यावर रस्सा सांडला. साबण लावताच डाग लालभडक झाला. आता जाईल का?
*एक वाचक, कोल्हापूर*

जाईल. हळदीचा रंग क्षारात लाल होतो आणि साबण क्षारयुक्त असतो, एवढंच झालं आहे. सदरा खराब झालेला नाही. साध्या पाण्याने खळखळून धुतलात की तो पुन्हा पिवळा दिसेल.

रश्शात तेल आणि हळद दोन्ही असतात, आणि दोघांची तऱ्हा वेगळी. आधी तेल काढा: डागावर भांडी घासायचं लिक्विड चोळून दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. राहिलेल्या पिवळ्या डागाला साबणाची नाही, उन्हाची गरज आहे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. सदरा ओला असतानाच डागाची बाजू वर करून कडक उन्हात घाला, संध्याकाळी परत भिजवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घाला. दोन-तीन दिवसांत डाग फिका पडत जाईल. तोवर इस्त्री करू नका, त्याने रंग धाग्यात पक्का बसतो. रेशमी किंवा रंगीत कापड असेल तर हा उपाय नको, उन्हाने त्याचा मूळ रंगही उडेल, ते ड्रायक्लीनरकडे द्या आणि डाग हळदीचा आहे हे सांगून द्या.